ओएलईडी टीव्ही घरी आल्यावर: आधी खोली तपासा, मग पडदा

महागातला ओएलईडी टीव्ही घेणाऱ्याच्या मनात पहिल्या आठवड्यात दोन प्रश्न घोळत असतात. एक सहसा कुणी उघडपणे विचारत नाही: हा खरंच इतका चांगला दिसतोय, की एवढे पैसे मोजलेत म्हणून तसं वाटतंय? दुसरा मात्र सगळेच विचारतात: याच्या पडद्यावर कायमचे डाग उमटतात म्हणे, खरं का? दोन्ही प्रश्नांची उत्तरं घरबसल्या मिळतात. फक्त कामं एका क्रमाने करावी लागतात, आणि टीव्हीची पारख त्या क्रमात बरीच उशिरा येते.

हा सगळा क्रम काळ्या रंगाभोवती बांधलेला आहे. ओएलईडीसाठी जास्तीचे पैसे आपण मोजतो ते काळ्यासाठी. भडक रंग, डोळे दिपवणारं तेज, गेमिंगचा वेग हे सगळं चांगल्या एलसीडी टीव्हीतही मिळतं, तेज तर कित्येकदा जास्तच मिळतं. खरा काळा मात्र तिथे मिळत नाही. म्हणून जागा निवडताना, सेटिंग लावताना आणि पारख करताना, काळा काळाच राहतोय ना, हे आधी पाहायचं.

आत काय असतं, थोडक्यात

दुकानात ज्याला 'एलईडी टीव्ही' म्हणतात तो प्रत्यक्षात एलसीडी असतो. मागे दिवे आणि पुढे त्यांचा उजेड कमी-जास्त अडवणारं पॅनल. हे पॅनल उजेड पूर्ण अडवू शकत नाही, थोडा निसटतोच. म्हणून अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा राखाडी दिसतो. ओएलईडीत मागे दिवाच नसतो. ४के पडद्यावरचे सुमारे ८३ लाख पिक्सेल स्वतः उजळतात आणि काळा दाखवायची वेळ आली की सरळ विझतात. चंद्राच्या अगदी शेजारचं आकाशही त्यामुळे काळंच राहतं, चंद्राभोवती उजेडाचं धुकं पसरत नाही.

या तंत्राचा पाया १९८७ साली घातला गेला. कोडॅक कंपनीत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी कमी व्होल्टेजवर चालणारा, सेंद्रिय पदार्थांच्या पातळ थरांचा डायोड बनवून दाखवला. दुकानात आलेला पहिला ओएलईडी टीव्ही सोनीचा, २००७ चा, आणि तो होता अवघा ११ इंची. एलजीचे ५५ इंची टीव्ही बाजारात यायला २०१३ उजाडलं. या मधल्या वर्षांतली मोठी डोकेदुखी म्हणजे हा सेंद्रिय पदार्थ वापराबरोबर थकतो. ती अजून पूर्ण गेलेली नाही. डागांच्या भीतीचं मूळ तिथेच आहे, त्याकडे पुढे येऊ.

आज पॅनलच्या दोन जाती मिळतात. एलजी डिस्प्ले बनवते ती डब्ल्यूओएलईडी: मूळ प्रकाश पांढरा, त्यावर रंगांच्या गाळण्या आणि जास्तीच्या उजेडासाठी एक चौथा, पांढरा उपपिक्सेल. दुसरी क्यूडी-ओएलईडी, सॅमसंग डिस्प्लेची, टीव्हीत आली २०२२ मध्ये: मूळ प्रकाश निळा, आणि त्यापासून लाल-हिरवा तयार करतात क्वांटम डॉट नावाचे अतिसूक्ष्म कण. टीव्हीवर नाव कुणाचंही असो, आतलं पॅनल बहुधा या दोन कारखान्यांतलंच असतं. सोनी तर मॉडेल पाहून दोन्हीकडून घेते.

या फरकाचा संबंध तुमच्या खोलीशी आहे. क्यूडी-ओएलईडीत भडक रंग खूप उजेडातही फिके पडत नाहीत आणि बाजूने पाहिल्यावरही रंग जवळपास तसेच राहतात. पण त्यात पोलरायझर, म्हणजे पडद्यावर पडणारा बाहेरचा उजेड अडवणारा थर, नसतो. त्यामुळे खोलीत दिवे चालू असले किंवा दिवसाचा उजेड पडद्यावर पडत असला, की काळा भाग किंचित राखाडी-जांभळट दिसतो. डब्ल्यूओएलईडीचा काळा उजेडातही काळा राहतो. मात्र अगदी तेजस्वी रंगांत पांढरा उपपिक्सेल मिसळल्याने ते थोडे पातळ होतात, आणि फार बाजूने पाहिलं तर पांढऱ्यावर हिरवट-गुलाबी झाक दिसू शकते. मुख्यतः रात्री, अंधारात बघणाऱ्याला यातलं काहीही चालेल. दिवसभर उजेडाच्या दिवाणखान्यात टीव्ही चालू असणार असेल, तर मी डब्ल्यूओएलईडीकडे झुकेन.

पहिलं काम: खोली

टीव्ही येण्याआधीच हे करा. जिथे पडद्याचा मध्य येणार आहे तिथे एक आरसा धरायला कुणालातरी सांगा आणि तुम्ही तुमच्या नेहमीच्या जागेवर बसा. आरशात खिडकी दिसली, ट्यूबलाइट दिसली, तर ती उद्या पडद्यावरही दिसणार. बहुतेक ओएलईडी पडदे चकचकीत असतात आणि काळ्या दृश्यात त्यांचा आरसाच होतो. काही मॉडेलांवर मॅट थर देतात. त्याने प्रतिबिंबाच्या कडा पुसल्या जातात, पण तोच उजेड पडदाभर पसरतो आणि काळा थोडा उचलला जातो. मॅटवाले आणि चकचकीतवाले यांचं भांडण मिटणारं नाही. स्वतःची खोली पाहून ठरवा.

खिडकी पडद्यासमोर नको. बाजूला असली तर तिला जाड पडदे लावले की भागतं. थेट ऊन पॅनलवर येऊ देऊ नका, प्रतिबिंबापेक्षा उष्णतेमुळे. गरम पॅनल लवकर थकतं. मागे आणि वर हवा खेळायला जागा ठेवा. कपाटाच्या बंद खणात ओएलईडी कोंबू नये.

अंतराचा हिशोब सोपा आहे. पडद्याच्या कर्णाच्या साधारण १.२ पट अंतरावरून चित्र डोळ्यांत भरतं, १.६ पटीपर्यंत आरामात चालतं. ६५ इंची पडद्याचा कर्ण १६५ सेंटिमीटर, म्हणजे दोन मीटरपासून साधारण २.६ मीटरपर्यंत. ५५ इंचीला १.७ ते २.२ मीटर. चार मीटरवरून ५५ इंची बघणाऱ्याच्या डोळ्यांना ४के आणि फुल एचडी यांतला फरक फारसा कळत नाही. तिथे पॅनलची श्रेणी चढवण्यापेक्षा आकार वाढवणं शहाणपणाचं. उंचीबद्दल एवढंच: बसल्यावर नजर पडद्याच्या मध्याच्या जरा खाली यावी. छताजवळ टांगलेल्या टीव्हीमुळे मान तर दुखतेच, शिवाय ज्या कोनातून त्याचं चित्र सगळ्यात चांगलं दिसतं तो कोनही हातचा जातो.

खोक्यातून बाहेर

दोन माणसं हवीत, एकट्याने करू नका. पॅनल काही ठिकाणी मोबाइलपेक्षाही पातळ असतं. त्याला वरच्या पातळ भागाला धरून उचलायचं नाही, पुढून दाबायचं नाही, पालथं किंवा उताणं कसंही आडवं ठेवायचं नाही. खालच्या जाड भागाला आधार देऊन, उभंच ठेवून हलवायचं. चालू केल्यावर भेग, कोपऱ्यातला डाग, मेलेला पिक्सेल असं काही दिसलं तर त्याच दिवशी फोटो काढून कळवा. परत करण्याची मुदत संपेपर्यंत खोकं आणि आतला थर्माकोल टाकू नका.

पहिल्यांदा चालू करताना टीव्ही विचारतो, घरी वापरणार की दुकानात? 'घर' निवडा. दुकानाचा मोड चुकून निवडला गेला तर चित्र कायम भडक राहतं आणि सेटिंग थोड्या वेळाने आपोआप मूळ जागी जातात. मग येतात अटी-शर्तींची पानं. त्यांत 'तुम्ही काय बघता ते ओळखून सुचवण्या आणि जाहिराती देणे' अशा अर्थाची एक परवानगी असते. ती नाकारली तरी टीव्ही चालतो. मी नाकारतो.

सेटिंग: पाच मिनिटांचं काम, चार दिवसांचा धीर

चित्राच्या मोडमध्ये 'फिल्ममेकर मोड' शोधा. यूएचडी अलायन्स या उद्योगसंघाने तो २०१९ मध्ये जाहीर केला, तो नेमका यासाठी की टीव्हीने आपली अक्कल न लावता चित्र जसं बनवलंय तसं दाखवावं. तो नसेल तर 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा सोनीवर 'प्रोफेशनल' नावाचा मोड असतो. 'व्हिव्हिड' आणि 'डायनॅमिक' शोरूमच्या प्रखर दिव्यांसाठी आहेत, तिथेच राहू द्या.

हा मोड लावला की घरातलं कुणीतरी हमखास म्हणणार, 'पिवळट का दिसतंय?' कारण चित्रपट आणि मालिका ज्या पांढऱ्यावर रंगवल्या जातात तो सुमारे ६५०० केल्विनचा, उबदार पांढरा असतो. आजवरचे टीव्ही आणि मोबाइल मात्र निळसर पांढरा दाखवत आलेत आणि डोळा त्याला सरावलाय. चार दिवस हात लावू नका. नंतर परत निळसर मोड लावून पाहा: माणसांचे चेहरे आजारी वाटायला लागतात.

मोड लावल्यावर एवढं तपासा. वीजबचत आणि खोलीच्या उजेडानुसार तेज बदलणारा सेन्सर निदान पारख होईपर्यंत बंद. 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट', 'नॉइज रिडक्शन', 'एआय पिक्चर' बंद. शार्पनेस बहुतेक ब्रँडवर शून्याच्या आसपास, पण सोनीवर ५० म्हणजेच तटस्थ. तिथे शून्य केलंत तर चित्र पुसट होईल. एक नावाचा घोळ लक्षात ठेवा. काही टीव्हींवर 'ब्राइटनेस' हे बटण उजेडाचं नसून काळ्याच्या पातळीचं असतं. ते वाढवलं की काळा राखाडी होतो आणि ओएलईडी घेतल्याचं प्रयोजनच संपतं. उजेड हवा असेल तर 'ओएलईडी लाइट' किंवा 'पिक्सेल ब्राइटनेस' अशा नावाची पट्टी वाढवा.

नवख्याला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट पुढची. साधं चित्र (एसडीआर), आणि उजेड-अंधारातलं अंतर जास्त दाखवणाऱ्या एचडीआरचे दोन प्रकार, एचडीआर१० आणि डॉल्बी व्हिजन, या तिन्हींची सेटिंग टीव्ही वेगवेगळी साठवतो. बातम्या चालू असताना केलेले बदल एचडीआर चित्रपटाला लागू होत नाहीत. म्हणून प्रत्येक प्रकारचं काहीतरी लावून तीनदा मेन्यूत जा. एचडीआरमध्ये पिक्सेल ब्राइटनेस कमाल असू द्या, तिथे चित्रातच तेजाचे आकडे दिलेले असतात. एसडीआरमध्ये मात्र खोलीनुसार कमी करा. अंधाऱ्या खोलीत एसडीआरचा दंडक फक्त १०० निट्सचा आहे (निट हे तेजाचं एकक), आणि रात्री तो पुरतो.

हालचालीच्या सेटिंगवर जरा थांबू. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो, म्हणजे प्रत्येक चौकट सुमारे ४२ मिलिसेकंद पडद्यावर राहते. एलसीडीचे पिक्सेल सावकाश बदलतात, त्यामुळे चौकटी एकमेकींत थोड्या मिसळतात. ओएलईडीचा पिक्सेल मिलिसेकंदाच्याही अंशात बदलतो. म्हणून कॅमेरा आडवा सरकला की चित्र टपटप उड्या मारत गेल्यासारखं वाटतं. हा दोष टीव्हीचा नाही, त्याच्या चपळाईचा आहे, पण डोळ्याला खुपतो हे खरं. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग, म्हणजे मधल्या चौकटी स्वतः बनवून हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग, पूर्ण लावलं तर चित्रपटाची मालिका होते. दहापैकी दोन-तीनवर ठेवलं तर टोचणी कमी होते आणि चित्रपट चित्रपटच राहतो. शुद्धतावादी नाकं मुरडतील, मुरडू द्या. क्रिकेट-फुटबॉलसाठी थोडं जास्त चालतं.

जोडण्या

डब्ल्यूओएलईडी घ्या की क्यूडी, गेमिंग कन्सोल असेल तर एचडीएमआयकडे लक्ष द्या. ४के चित्र सेकंदाला १२० चौकटींनी हवं तर एचडीएमआय २.१ चं पोर्ट लागतं. एलजीच्या सी आणि जी मालिकांत चारही पोर्ट तसे असतात, सोनीच्या बऱ्याच मॉडेलांत चारांपैकी दोनच, आणि त्यातलंच एक साउंडबारला आवाज पोचवणाऱ्या ईएआरसी जोडणीसाठी लागतं. केबलवर 'अल्ट्रा हाय स्पीड' असं प्रमाणपत्र हवं, ती सेकंदाला ४८ गिगाबिटपर्यंत वाहून नेते. सोन्याचा मुलामा वगैरे सोडून द्या. आणि केबल लावून थांबू नका. बऱ्याच टीव्हींवर प्रत्येक पोर्टसाठी 'डीप कलर', 'एन्हान्स्ड फॉरमॅट' किंवा 'इनपुट सिग्नल प्लस' असं काहीतरी मेन्यूतून चालू करावं लागतं. नाहीतर कन्सोल एचडीआर पाठवतच नाही आणि माणूस पॅनलला दोष देत बसतो.

गेमसाठी गेम मोड लावा आणि कन्सोलमध्ये एचडीआर जुळवताना टीव्हीवर 'एचजीआयजी' असेल तर तो निवडा, म्हणजे तेजाचा हिशोब कन्सोल आणि टीव्ही असे दोघंही करत बसत नाहीत. व्हीआरआर (गेमच्या चौकटींच्या वेगाशी पडद्याचा वेग जुळवणारी सोय) चालू असताना चौकटींचा वेग वरखाली झाला की अंधारे भाग किंचित लुकलुकतात. ओएलईडीवर हे दिसतंच, बिघाड समजू नका.

आवाजाबद्दल थोडक्यात: इतक्या पातळ शरीरात मोठा स्पीकर मावत नाही. संवाद पुटपुटल्यासारखे वाटत असतील तर साउंडबार घ्या, टीव्ही बदलू नका.

आता पारख

पॅनल नवीन असताना पहिल्याच रात्री चाचणीच्या राखाडी पट्ट्या लावून बसू नका. टीव्ही काही दिवस रोजच्यासारखा वापरा आणि रिमोटने बंद करत चला, म्हणजे तो आपली अंतर्गत डागडुजी करून घेतो. त्याबद्दल पुढे येतंच. मात्र परत करण्याची मुदत संपायच्या आत पारख झाली पाहिजे. फक्त मेलेला पिक्सेल लगेच शोधा: लाल, हिरवा, निळा, पांढरा असे सपाट रंग आलटून पालटून लावून जवळून पाहा.

बाकीच्यासाठी रात्र हवी. दिवे बंद करा आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दहा मिनिटं द्या. वर-खाली काळ्या पट्ट्या येतात असा एखादा रुंद चित्रपट लावा. त्या पट्ट्या खोलीच्या अंधारात विरघळल्या पाहिजेत, पडद्याची कड कुठे संपते ते कळता कामा नये. त्या राखाडी दिसल्या तर दोष बहुधा पॅनलचा नसतो. जोडलेल्या खोक्याने (सेट-टॉप बॉक्स, प्लेअर वगैरे) आणि टीव्हीने काळ्याची पातळी वेगवेगळी धरलेली असते, एकाकडे 'फुल' तर दुसऱ्याकडे 'लिमिटेड'. दोन्हीकडे एकच ठेवा. उलटा घोळ असेल तर काळ्या कोटाच्या घड्या, रात्रीच्या झाडांची पानं एकजात काळी होतात. टीव्हीतल्याच अॅपवर चित्र ठीक आणि खोक्यावर बिघडलेलं असेल, तर कारण हेच, हे जवळपास नक्की धरा.

त्यानंतर काळ्याच्या एक पायरी वर या. ओएलईडीची खरी परीक्षा पूर्ण काळ्यात नसून जवळजवळ काळ्यात असते, कारण विझलेला पिक्सेल उजळायला लागतो ती पहिली पायरी सांभाळणं सगळ्यात अवघड. मेणबत्तीच्या उजेडातला चेहरा, धुक्यातली रात्र, पाण्याखालचं दृश्य असं काहीतरी लावा. अंधारातून उजेडाकडे जाताना पायऱ्या दिसतात का? सावलीचा भाग मध्येच चमकतो का? इथे एक फरक करायला शिका. अंधाऱ्या भागात चौकोनी ठोकळे नाचत असतील तर ते दाबून पाठवलेल्या स्ट्रीमिंगचे आहेत. ४के स्ट्रीमिंग सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिटवर चालतं, तर ४के ब्लू-रे डिस्क १२८ मेगाबिटपर्यंत जाते. एलसीडीच्या राखाडी काळ्यात झाकलं जाणारं हे सगळं ओएलईडी उघडं पाडतो. त्यामुळे पारख करायची तर शक्य तितक्या चांगल्या स्रोतावरून करा, आणि स्ट्रीमिंगची तुमची वर्गणी ४के आणि एचडीआर देणारी आहे ना, हे आधी पाहा. महाग टीव्हीवर महिनोन्महिने साधं एचडी बघणारे लोक कमी नाहीत.

मग ती बहुचर्चित राखाडी चाचणी. पाच टक्के तेजाचा सपाट राखाडी पडदा लावला की जवळजवळ प्रत्येक ओएलईडीवर उभे अस्पष्ट पट्टे, एखादा गडद कोपरा, थोडी गुलाबी किंवा हिरवी झाक दिसते. शंभर टक्के सपाट पॅनल नशिबानेच मिळतं. निकष असा ठेवा: हाच पट्टा तुमच्या नेहमीच्या जागेवरून, खऱ्या चित्रपटात, मुद्दाम न शोधता दिसतो का? हिरव्या मैदानावर कॅमेरा फिरताना किंवा राखाडी आकाशात तो सरकताना दिसत असेल तर तक्रार करा. फक्त चाचणीच्या पडद्यावर दिसत असेल तर ती फाइल काढून टाका आणि परत उघडू नका. चाचणीच्या पट्ट्या पाहून पाहून चांगल्या टीव्हीचा आनंद घालवलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि बदलून आणलेला टीव्ही पहिल्यापेक्षा बरा निघेलच याची खात्री नसते.

शेवटी पांढरं. बर्फाचा प्रदेश, आइस हॉकी, दस्तऐवजाचं पांढरं पान, असं लख्ख चित्र पडदाभर आलं की ओएलईडी मंद होतो. वीज आणि उष्णता आवरण्यासाठी टीव्ही स्वतःच तेज कमी करतो. जाहिरातीतला १०००, २००० निट्सचा आकडा पडद्याच्या छोट्या तुकड्यापुरता असतो. पूर्ण पांढऱ्या पडद्यावर बऱ्याच चांगल्या मॉडेलांतही तो १५० ते ४०० च्या दरम्यान येतो. काजवे, शहराचे रात्रीचे दिवे, तलवारीवरची चकाकी इथे ओएलईडी बाजी मारतो. भर दुपारच्या वाळवंटात चांगला मिनी-एलईडी, म्हणजे मागे खूप छोटे छोटे दिवे असलेला एलसीडी, त्याला मागे टाकतो. दिवसाही एकदा, खिडक्यांचे पडदे उघडे ठेवून, हे बघून घ्या. रात्रीच्या पारखीइतकीच ही महत्त्वाची, कारण घरातले बाकीचे लोक तेव्हाच बघत असतात.

आणखी एक वागणूक नव्याला घाबरवते. दृश्य बराच वेळ फारसं बदललं नाही, उदाहरणार्थ दोन माणसं अंधाऱ्या खोलीत बोलत बसलीत, तर चित्र हळूहळू मंद होत जातं आणि दृश्य बदललं की एकदम पूर्ववत होतं. टीव्हीला ते स्थिर चित्र वाटलेलं असतं आणि तो पॅनल वाचवत असतो. तंत्रज्ञांसाठीच्या सर्व्हिस मेन्यूत शिरून हे बंद करण्याचे उपाय लोक सांगतात. तिकडे जाऊ नका; वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं.

डागांची भीती

आता दुसरा प्रश्न. पडद्यावरचा 'जळालेला' डाग खरं तर जळालेला नसतो. सोफ्यावर रोज एकाच जागी बसलं की तेवढाच भाग दबतो, तसा हा प्रकार आहे. वाहिनीचा लोगो ज्या पिक्सेलांवर रोज तासन्‌तास झळकतो ते शेजाऱ्यांपेक्षा जास्त थकतात आणि मग सपाट रंगावर त्यांची मंद छाया दिसते. म्हणजे एका रात्री विराम देऊन झोपी गेलात म्हणून टीव्ही वाया जात नाही. दिसलेली छाया काही मिनिटांत विरली तर ती तात्पुरती. खरा डाग एकच गोष्ट शेकडो-हजारो तास, तेही जास्त तेजावर, दाखवल्याने तयार होतो.

टीव्ही याविरुद्ध सतत काम करत असतो. चित्र पिक्सेलभर इकडेतिकडे सरकवतो, लोगोचा भाग मंद करतो. मुख्य काम मात्र बंद असताना होतं. साधारण चार तास वापर साठला की स्टँडबायमध्ये गेल्यावर तो काही मिनिटं पिक्सेलांची तपासणी करून त्यांना समपातळीवर आणतो. एलजीच्या टीव्हींवर सुमारे २००० तासांनी, म्हणजे रोज पाच तास बघणाऱ्या घरात वर्षाहून थोड्या जास्त काळाने, तासाभराची मोठी फेरी होते. म्हणून टीव्ही रिमोटने बंद करा आणि भिंतीवरचं बटण चालूच ठेवा. वीज वाचवायच्या चांगल्या सवयीने रोज रात्री बटण बंद करणारी मंडळी नकळत ही डागडुजीच रोखतात. फार दिवसांसाठी बाहेर जाताना बंद करायचं असेल तर तासभर स्टँडबायमध्ये राहू द्या, मग बंद करा. मेन्यूतली मोठी फेरी हाताने वारंवार चालवू नका. ती पॅनलला थोडं झिजवते, आणि गरज पडली की टीव्ही स्वतःच सांगतो.

तुमच्या घरात काय बघितलं जातं, त्यावर जपणूक ठरते. चित्रपट, मालिका, वेगवेगळे खेळ असा मिश्र वापर असेल तर विसरून जा. दिवसभर एकच वृत्तवाहिनी, खाली धावती पट्टी आणि कोपऱ्यात लाल लोगो, असं असेल तर त्या वेळेसाठी एसडीआरचं तेज निम्म्यावर आणा. आणि खरं सांगायचं तर अशा घरासाठी एलसीडी हाच बरा सल्ला आहे. संगणकाचा मॉनिटर म्हणून वापरत असाल तर टास्कबार आपोआप लपणारा ठेवा, पार्श्वभूमी गडद, आणि दोन-तीन मिनिटांत स्क्रीनसेव्हर. वर्षानुवर्षं एकच गेम खेळणाऱ्यांनी त्यातला नकाशा आणि आकडे पारदर्शक करता आले तर करावेत. वॉरंटीच्या कागदावर 'प्रतिमा उमटणे' समाविष्ट आहे की वगळलंय, हे टीव्ही घेण्याआधीच वाचा, कारण उत्पादकांच्या अटी यात सारख्या नाहीत.

पुसण्यासाठी कोरडं, स्वच्छ मायक्रोफायबर कापड, टीव्ही बंद आणि थंड असताना, जोर न लावता. काच पुसायचे फवारे आणि अल्कोहोल वरचा थर खातात. बोटाचा ठसा जात नसेल तर कापडाला, पडद्याला नव्हे, थोडं शुद्ध पाणी लावा. क्यूडी-ओएलईडीचा वरचा थर तुलनेने नाजूक असतो, त्यावर धूळ असताना घासलं तर ओरखडा पडतो. आधी धूळ हलकेच झटका.

कॅलिब्रेशन करून घ्यावं का?

उपकरण लावून रंग अचूक जुळवून देणारे व्यावसायिक असतात. आजच्या वरच्या श्रेणीतले टीव्ही फिल्ममेकर मोडमध्ये इतके जवळ असतात की बहुतेकांना फरक शोधावा लागेल. स्वतः चित्रीकरण किंवा रंगांचं काम करत असाल, किंवा पांढऱ्यात कायम एखादी झाक जाणवत असेल, तर करून घ्या, पण पॅनल शंभर-दोनशे तास चालल्यावरच. सुरुवातीच्या काळात ते अजून स्थिरावत असतं. तेवढेच पैसे जाड पडद्यांवर आणि टीव्हीच्या मागे लावायच्या ६५०० केल्विनच्या मंद दिव्यावर खर्च केले, तर बहुतेक खोल्यांत त्याचा फरक जास्त दिसतो.